मार्गारिटावर बेतलेले तीन थरांचे डेझर्ट : जेली बसत नाही आणि लिंबाचा थर कडवट होतो

साखरपाक

नमस्कार. पुढच्या आठवड्यात आठ जणांच्या जेवणानंतर द्यायला मार्गारिटा या कॉकटेलच्या चवीवर बेतलेले थरांचे डेझर्ट करण्याचे मी ठरवले आहे. काचेच्या पेल्यात तळाशी खारट बिस्किटांचा चुरा, त्यावर लिंबाचे कर्ड (लिंबाचा रस, अंडी, साखर व लोणी यांचे शिजवलेले दाट मिश्रण) आणि फेटलेले क्रीम यांचा मऊ थर आणि सर्वांत वर टकीला (अगाव्हे या वनस्पतीपासूनचे मेक्सिकन मद्य) व संत्र्याच्या लिक्युअरची, म्हणजे गोड मद्याची, पारदर्शक जेली, अशी माझी मांडणी आहे. चमचा वरून सरळ तळापर्यंत नेला की मूळ पेयातला आंबटपणा, संत्र्याचा गोडसर गंध आणि पेल्याच्या काठावरचे मीठ हे सारे एकाच घासात जिभेवर यावे, एवढीच अपेक्षा आहे. आतापर्यंत दोनदा करून पाहिले आणि दोन्ही वेळा बिघडले, म्हणून झालेले सारे तपशीलवार लिहिते.

पहिल्या वेळी जेलीसाठी १०० मिली टकीला, ५० मिली संत्र्याचे लिक्युअर, ६० मिली लिंबाचा रस आणि ४० मिली साखरेचा पाक असे एकूण २५० मिली द्रव घेतले आणि त्यात ५ ग्रॅम जिलेटिन घातले. जिलेटिन पूर्ण विरघळावे म्हणून ते लिंबाच्या रसाबरोबरच उकळले आणि मिश्रण गरम असतानाच मधल्या थरावर ओतले. ओतल्याबरोबर क्रीमचा पृष्ठभाग वितळून पांढऱ्या धाग्यांसारखा वर आला आणि सारी जेली गढूळ झाली. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही सकाळी पेला कलता केला की ती पाकासारखी एका बाजूला वाहत होती. पाहुण्यांपैकी दोघे प्राण्यांपासून मिळणारे जिलेटिन खात नाहीत, म्हणून दुसऱ्या वेळी समुद्री शेवाळापासूनचे अगर-अगर वापरले. ते लिंबाच्या रसात पाच मिनिटे उकळले आणि फ्रीजमधून काढलेल्या टकीलात ओतले, तर काही भागाच्या रबरासारख्या गुठळ्या झाल्या आणि बाकीचे पाणीच राहिले.

मधल्या थराची अडचण वेगळी आहे. केल्याबरोबर चाखला तेव्हा तो उत्तम होता. दुसऱ्या दिवशी मात्र घास गिळल्यावर घशाशी कडवटपणा रेंगाळत होता. रस मी आदल्या संध्याकाळीच काढून ठेवला होता, लिंबाची साल किसून कर्डमध्ये तशीच राहू दिली होती आणि कर्ड अॅल्युमिनियमच्या पातेल्यात शिजवले होते. यातले नेमके काय भोवले?

मिठाबद्दलही मार्गदर्शन हवे आहे. वाढण्याआधी जेलीवर चिमूटभर मीठ भुरभुरले, तर पाचेक मिनिटांत ते दिसेनासे झाले आणि जेलीवर खाऱ्या पाण्याचे थेंब उभे राहिले. मीठ नसेल तर याला मार्गारिटा म्हणण्यात अर्थ नाही, असे मला मनापासून वाटते, त्यामुळे ते गाळायचे नाही.

मंदआच

तुमची मांडणी चांगली आहे आणि बिघाड फक्त प्रमाणांत आणि क्रमात आहे. मी जेलीपुरतेच लिहितो, कारण थरांच्या पदार्थात मी सर्वांत जास्त चुका तिथेच केल्या आहेत.

टकीला आणि संत्र्याचे लिक्युअर ही दोन्ही साधारण ४० टक्के मद्यार्काची धरली, तर तुमच्या २५० मिली मिश्रणात १५० मिली मद्य, म्हणजे सुमारे ६० मिली शुद्ध मद्यार्क होता. हे प्रमाण २४ टक्के झाले. जिलेटिनची जाळी पाण्याच्या आधाराने बांधली जाते आणि मद्यार्काचे प्रमाण फारच वाढले की ती नीट बांधली जात नाही. त्यात लिंबाचा तीव्र आंबटपणा, आणि त्या आंबट रसातच तुम्ही जिलेटिन उकळले. आम्लात उकळले की जिलेटिनच्या लांब साखळ्या तुटतात आणि मग कितीही वेळ थंड केले तरी जाळी पक्की होत नाही. साध्या फळांच्या रसाची पेल्यात बसवायची जेली असती, तर २५० मिली द्रवाला ५ ग्रॅम जिलेटिन पुरले असते. इथे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी त्याच्या विरोधात गेल्या.

माझे प्रमाण असे आहे : पाणी १०० मिली, साखर ६० ग्रॅम, टकीला ४० मिली, संत्र्याचे लिक्युअर २५ मिली, ताजा गाळलेला लिंबाचा रस ४५ मिली आणि जिलेटिन ७ ग्रॅम. यात मद्यार्क सुमारे १० टक्क्यांवर येतो आणि आठ पेल्यांत प्रत्येकी ३० मिलीच्या आसपास, म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर जाडीची जेली बसते. त्याहून जाड थर करू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण मग तीच एक चव तोंडात राहते आणि खालच्या थरांपर्यंत जीभ पोहोचतच नाही. शंभर मिली पाण्यातलेच ३५ मिली गार पाणी वेगळे काढून त्यात जिलेटिन दहा मिनिटे भिजवावे. उरलेल्या पाण्यात साखर विरघळवून पाक गरम करावा, आच बंद करावी, त्याचा पहिला जोर ओसरला की भिजलेले जिलेटिन घालून एकही दाणा दिसेनासा होईपर्यंत ढवळावे आणि त्यानंतरच रस, टकीला व लिक्युअर घालावे. उकळी फक्त साखरेच्या पाण्याला येऊ द्यायची. जिलेटिनला आणि लिंबाला तिचा स्पर्श नको.

आता ओतण्याबद्दल. जिलेटिन साधारण ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणूनच ते तोंडात ठेवताच विरघळते, आणि म्हणूनच मिश्रण खोलीच्या तापमानाला आले तरी ते ओतण्याइतके पातळ राहते. पातेल्याचा तळ हाताला अजिबात कोमट लागेनासा झाला की ओतायला घ्यावे. त्याआधी मधला थर निदान दोन तास फ्रीजमध्ये बसलेला असावा. एका हातात चमचा उलटा धरून तो क्रीमला टेकेल न टेकेल असा ठेवावा आणि मिश्रण त्याच्या फुगीर पाठीवर बारीक धारेने सोडावे. धार क्रीमवर पडली तर खड्डा पडतो, चमच्यावर पडली तर ती पसरत जाते. आधी सगळ्या पेल्यांत दोन-दोन चमचेच ओतून पंधरा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवले आणि मग उरलेले ओतले, तर तो पहिला पातळ पापुद्रा झाकणासारखा काम करतो आणि गढूळपणाची भीतीच राहत नाही. पूर्ण बसायला किमान पाच तास द्यावेत. जिलेटिनची ताकद प्रत्येक प्रकारात सारखी नसते, त्यामुळे ओतण्याआधी एक चमचा मिश्रण बशीत घालून फ्रीजमध्ये वीस मिनिटे ठेवावे आणि बशी कलती करून पाहावी. वाहिले, तर आणखी एक ग्रॅम जिलेटिन भिजवून त्यात घालण्याची संधी अजून हातात असते.

अगर-अगरचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. त्याला नीट विरघळायला उकळावेच लागते, पण साध्या पाण्यात. आम्लात उकळले की त्याचीही बसण्याची ताकद जाते. वरच्याच प्रमाणातले १०० मिली पाणी, साखर आणि २ ग्रॅम अगर-अगरची पूड एकत्र करून दोन मिनिटे चांगली उकळावी, आच बंद करावी आणि मग रस व मद्य घालावे. हे दोन्ही फ्रीजमधले नसावेत, किंबहुना रसाचे भांडे कोमट पाण्यात धरून ठेवलेले बरे. अगर-अगर ४० अंशांच्या खाली जाता जाता बसायला लागते, त्यामुळे थंड टकीला लागताच ते जिथल्या तिथे गोठते. तुमच्या गुठळ्या त्याच होत्या.

मात्र अगर-अगरची जेली क्रीमवर ओतू नका. ती पातळ असते तेव्हा क्रीम वितळवण्याइतकी गरम असते आणि क्रीमला सोसवेल इतकी निवली की ती ओतण्याजोगी राहत नाही. मधली जागाच मिळत नाही. ती एका सपाट ताटलीत एक सेंटिमीटर जाडीची बसवावी, धारदार सुरीने बारीक चौकोनी तुकडे कापावेत आणि वाढताना मधल्या थरावर रचावेत. काचेतून ते बर्फाच्या चुऱ्यासारखे दिसतात, आणि मला तर ओतलेल्या गुळगुळीत थरापेक्षा तेच अधिक आवडतात.

दोनवाट्या

कडवटपणाबद्दल मी लिहिते. मंदआच यांनी जेलीचे इतके सविस्तर सांगितले आहे की त्यात भर घालण्यासारखे काही नाही.

तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टी भोवल्या आहेत, पण सारख्या नाहीत. मुख्य दोष शिळ्या रसाचा आहे. अख्ख्या फळात जो घटक कडू लागत नाही, तोच फळ पिळल्यावर रसातल्या आम्लामुळे हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यात बदलतो. हा बदल तासांच्या हिशेबाने होतो, त्यामुळे ताजा रस चाखून काहीच कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणता तसा घशाशी कडवटपणा जाणवतो. म्हणून रस कर्ड करायला घेतानाच काढावा, बिया चिरडू नयेत आणि लिंबू पिळताना शेवटच्या थेंबासाठी सालीला पीळ देऊ नये. शिजवलेल्या कर्डमध्ये साखर, अंडी आणि लोणी यांच्यामुळे हा दोष पुष्कळ झाकला जातो. तुमच्याकडे तो झाकला गेला नाही, याचा अर्थ त्यात सालीच्या पांढऱ्या भागाचीही भर पडली असणार.

लिंबाचा सुगंध सालीच्या अगदी वरच्या रंगीत पापुद्र्यातल्या तेलात असतो आणि रसात असतो तो आंबटपणा, ही विभागणी लक्षात ठेवली की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. बारीक दातांची किसणी एका जागी एकदाच फिरवावी आणि साल पांढरी दिसू लागण्याआधीच फळ वळवावे. हा कीस थेट कर्डमध्ये घालू नये. मोजलेल्या साखरेत घालून बोटांच्या टोकांनी चोळावा. मिनिटभरात साखर ओलसर वाळूसारखी होते, किंचित हिरवट दिसते आणि तिचा वास खोलीभर पसरतो. सालीतले तेल आता साखरेत उतरलेले असते, त्यामुळे कर्ड शिजल्यावर गाळणीतून गाळून कीस काढून टाकला तरी सुगंध उणा होत नाही.

कर्डसाठी २ अंडी आणि ३ पिवळे बलक, ही चोळलेली १५० ग्रॅम साखर आणि १२० मिली ताजा रस स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात एकत्र करून, उकळत्या पाण्यावर भांडे धरून सतत ढवळत राहावे. अॅल्युमिनियमशी लिंबाच्या आम्लाची क्रिया होऊन धातूची चव उतरते, ती तुम्हाला कदाचित कडवटपणातच मिसळून जाणवली असेल. स्वयंपाकाचा थर्मामीटर असल्यास मिश्रण ७७ अंशांच्या सुमारास उतरवावे. नसल्यास लाकडी चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढावी, आणि ती रेघ मिटली नाही की कर्ड झाले असे समजावे. त्यापुढे तापवले तर अंड्याचे बारीक कण होतात. लगेच गाळून घ्यावे, हात लावता येईल इतके निवल्यावर ९० ग्रॅम मऊ लोणी थोडे थोडे करून घोटावे आणि पृष्ठभागाला चिकटेल असे आच्छादन घालून पूर्ण थंड करावे. लोणी आचेवर वितळवून घातले तर कर्ड तेलकट लागते. निवत्या कर्डमध्ये घोटले तर तेच लोणी थंड झाल्यावर थराला उभे धरते.

क्रीम निदान ३५ टक्के स्निग्धांशाचे, फ्रीजमधून नुकतेच काढलेले २०० मिली घ्यावे आणि टोक किंचित वाकेल इतपतच फेटावे, कारण कर्डमध्ये मिसळताना ते आणखी घट्ट होते. कर्ड जराही कोमट असेल तर फेटण्याचे सारे श्रम वाया जातात.

अंडी नको असतील तर ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कमध्ये तेवढाच १२० मिली रस आणि सालीचा कीस घालून ढवळावे. काही क्षणांत मिश्रण चमच्याला जड लागू लागते आणि दहा मिनिटांत आचेशिवाय दाट होते, कारण दुधातले केसीन हे प्रथिन लिंबाच्या आम्लाने एकमेकांना धरू लागते. आटवलेल्या दुधातल्या भरपूर साखरेमुळे ते फाटल्यासारखे न दिसता मलईसारखे गुळगुळीत राहते. मेक्सिकोत घरोघरी होणाऱ्या कार्लोता दे लिमोन या थरांच्या पदार्थात हीच युक्ती आहे : बिस्किटे, त्यावर लिंबाने दाटलेले दूध, पुन्हा बिस्किटे. मार्गारिटाही मेक्सिकोच्या टकीलावर उभी असल्याने हा मार्ग मला या डेझर्टला अधिक शोभणारा वाटतो, आणि शिजवण्याची धास्तीही राहत नाही.

एक विनंती आहे. मधल्या थरात टकीला घालू नका. क्रीम सैल होते आणि त्याला पाणी सुटते, शिवाय दुधाळ चवीत टकीलाचा गंध दबून फक्त तिखटपणा उरतो.

पहिलाघास

जेली आणि कर्ड दोन्ही मार्गी लागले आहेत, तेव्हा मी संत्र्याबद्दल बोलतो, कारण या डेझर्टचे मर्म तिथे आहे आणि बहुतेक पाककृतींमध्ये तेच हरवते. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या कृतीत मार्गारिटाचे माप ५० मिली टकीला, २० मिली ट्रिपल सेक (संत्र्याचे लिक्युअर) आणि १५ मिली लिंबाचा रस असे आहे. म्हणजे संत्रे लिंबापेक्षा अधिक मापाने येते. तरीही मार्गारिटाच्या नावाने होणारी डेझर्टे चाखली तर ती निव्वळ लिंबाची असतात आणि त्यांच्यावर टकीलाचा शिडकावा असतो.

ट्रिपल सेक हे संत्र्याच्या रसापासून होत नाही. संत्र्याच्या सुकवलेल्या सालींचा गंध त्यात उतरवलेला असतो. म्हणून डेझर्टमध्ये संत्र्याचा रस घालून ती चव येत नाही. रसाने जेली पातळ, गढूळ आणि नुसती गोड होते. मंदआच यांच्या प्रमाणातल्या साखरेच्या पाण्यात एका संत्र्याच्या सालीच्या, पांढरा भाग अजिबात न घेता काढलेल्या, चार रुंद पट्ट्या घालून आच बंद केल्यावर दहा मिनिटे झाकून ठेवाव्यात आणि मग काढून टाकाव्यात. जिलेटिन भिजवायलाही तेवढाच वेळ लागतो. पाक त्या वेळात फारच निवला, तर जिलेटिन घालण्याआधी जरासा कोमट करून घ्यावा. लिक्युअरचे माप न वाढवता संत्रे ठळक होते. हवे तर मधला थर आणि जेली यांच्यामध्ये संत्र्याच्या पाकळ्यांचा सोललेला गर, कोरड्या कापडावर निथळून, एकेक फोड ठेवावा.

टकीला ब्लँको घ्यावी, म्हणजे लाकडी पिंपात न मुरवलेली. निळ्या अगाव्हेचा हिरवट, मिरीसारखा गंध तिच्यात थेट येतो आणि थंड जेलीत तोच टिकतो. दोन महिन्यांपासून वर्षभरापर्यंत ओकच्या लाकडात मुरवलेल्या रेपोसादोचा व्हॅनिलासारखा गोडवा क्रीमबरोबर चांगला लागतो हे खरे, पण संत्र्याखाली तो झाकला जातो आणि जेलीला पिवळसर छटा येते.

आता मीठ. जेलीवर टाकलेले मीठ तिच्यातले पाणी ओढून घेते, त्यामुळे तुम्हाला दिसले ते थेंब टळणारे नाहीत. मीठ तळाशी न्यावे. २०० ग्रॅम बिस्किटांचा जाडसर चुरा, ९० ग्रॅम वितळवलेले बिनमिठाचे लोणी आणि ३ ग्रॅम, म्हणजे अर्धा लहान चमचा मीठ एकत्र करून १७० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा-बारा मिनिटे, मध्ये एकदा हलवून, खमंग वास येईपर्यंत भाजावे. चुरा निवल्यावर ५० ग्रॅम वितळवलेले व्हाइट चॉकलेट त्यात चोळावे. प्रत्येक कणाला स्निग्धतेचे आवरण बसते आणि वरच्या थराची ओल आत शिरायला वेळ लागतो. मीठ गोडवा उठावदार करते आणि कडवटपणा दाबते, त्यामुळे तळाचा घास आल्यावर लिंबाची चव नव्याने उजळल्यासारखी वाटते. मूळ पेयात मीठ ओठांना पहिल्यांदा लागते आणि इथे ते शेवटी येते, पण पहिला चमचा मुद्दाम तळापर्यंत न्यायला सांगितले तर हा फरकही उरत नाही.

दोनवाट्या

मिठाच्या बाबतीत पहिलाघास यांच्याशी मी अर्धीच सहमत आहे. तळातले मीठ हवेच, परंतु ओठांना पहिल्यांदा लागणाऱ्या मिठाचा आनंद वेगळाच असतो. वाढण्याच्या क्षणी पेल्याच्या बाहेरच्या काठाला, आणि तोही अर्ध्याच, लिंबाची फोड फिरवून जाडसर मिठात टेकवावा. आतल्या बाजूला मीठ लागू दिले नाही तर जेलीला धक्का पोहोचत नाही आणि ज्याला नको असेल तो दुसऱ्या बाजूने खाऊ शकतो.

कोरडाचमचा

पाहुण्यांत कोणी मद्य टाळणारे असतील, मुले असतील किंवा कोणाला जेवणानंतर गाडी चालवायची असेल, तर एक गोष्ट लक्षात घ्यावी. गरम पाकात घातले की मद्यार्क उडून जातो, असा सर्रास समज आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यानुसार उकळत्या द्रवात मद्य घालून आचेवरून उतरवले तर सुमारे ८५ टक्के मद्यार्क शिल्लक राहतो. पंधरा मिनिटे मंद शिजवूनही ४० टक्के उरतो. इथे तर मिश्रण आणखी थंड असताना मद्य घालायचे आहे. मंदआच यांच्या प्रमाणात एकूण २६ मिली शुद्ध मद्यार्क आठ पेल्यांत विभागला जातो, म्हणजे प्रत्येकी सुमारे सव्वातीन मिली. प्रमाण लहान आहे, पण खाणाऱ्याला ते आधी सांगितले पाहिजे.

मद्याशिवायचे पेले वेगळे करावेत आणि त्यांवर ओळखू येईल अशी काही खूण ठेवावी. त्यांच्या जेलीत ६५ मिली मद्याऐवजी तेवढेच पाणी घ्यावे आणि जिलेटिन ७ ऐवजी ६ ग्रॅम पुरते. साखरेतली २० ग्रॅम कमी करून त्याजागी तेवढाच अगाव्हेचा पाक घ्यावा, म्हणजे टकीलाच्या मूळ वनस्पतीशी नाते राहते. संत्र्याच्या सालीच्या पट्ट्यांबरोबर पाच-सहा ठेचलेले काळे मिरे पाकात भिजत घालावेत आणि गाळून घ्यावेत. मद्याची जी किंचित जळजळ जिभेला अपेक्षित असते, तिची जागा मिऱ्याची ऊब घेते. मी हे अनेकदा केले आहे आणि मद्याचे पेले बाजूला असतानाही लोकांनी हे आवडीने मागून घेतले आहेत.

साखरपाक

सर्वांची मी अत्यंत आभारी आहे. तुमच्या सूचनांनुसार काल चार पेल्यांची चाचणी केली. दोन जिलेटिनच्या जेलीचे, एक अगर-अगरच्या तुकड्यांचा आणि एक मद्याशिवायचा.

मधला थर कंडेन्स्ड मिल्कचा केला. रस ओतल्यावर ढवळता ढवळता चमचा जड होत गेला, तेव्हा मला खरोखर आनंद झाला, कारण गेल्या दोन्ही वेळा आचेसमोर उभे राहून माझा धीर खचला होता. आज चोवीस तासांनंतर मुद्दाम राखून ठेवलेला पेला चाखला, कडवटपणाचा मागमूस नाही. साखरेत साल चोळण्याची युक्ती मी आता कायमची घेतली आहे. जेली उलट्या चमच्यावरून ओतली, पहिला पापुद्रा बसवला, आणि दोन थरांमधली रेघ काचेतून पट्टीने ओढल्यासारखी दिसत होती. चमचा खुपसल्यावर जेली आधी किंचित थरथरली, मग स्वच्छ कापली गेली आणि तळाशी चुऱ्याचा कुरकुर आवाज आला.

दोन गोष्टी कळवाव्याशा वाटतात. संत्र्याच्या फोडी मी नीट निथळल्या नाहीत, त्यामुळे एका पेल्यात त्यांच्याभोवती जेली सैल राहिली. दुसऱ्या पेल्यात त्या गाळून टाकल्या आणि नुसत्या सालीच्या गंधावर भागवले, तरी संत्रे पुरेसे जाणवले. काठावरचे मीठ बाहेरच्या बाजूने लावले, ते शेवटपर्यंत कोरडे राहिले. ब्लँकोबद्दलचे मत पटले.

एकच शंका उरली आहे. जेवण शनिवारी रात्री आहे. सारे थर शुक्रवारी रचून ठेवले तर चालेल का, आणि वेळ वाचवायला जेली फ्रीझरमध्ये बसवावी का?

मंदआच

फ्रीझर नको. जेलीतले पाणी गोठताना बर्फाचे स्फटिक जिलेटिनची जाळी फाडतात आणि बाहेर काढल्यावर ती पाणी सोडते; क्रीमच्या थराचेही तेच होते. मधला थर शुक्रवारी रात्री पेल्यात बसवावा आणि जेली शनिवारी सकाळी ओतावी. जिलेटिन बसल्यानंतरही जवळजवळ दिवसभर घट्ट होत राहते, त्यामुळे आदल्या दिवशी ओतलेली जेली रात्रीपर्यंत तुम्हाला हवी तेवढी थरथरणार नाही. पेले झाकून ठेवा, कारण क्रीम फ्रीजमधले इतर वास पटकन घेते. अगर-अगरचे तुकडे मात्र वाढण्याआधी तासभरच कापा, कापलेल्या बाजूंना पाणी सुटते.

पहिलाघास

चुऱ्याचा काही भाग डब्यात वेगळा ठेवावा. व्हाइट चॉकलेटचे आवरण असले तरी चोवीस तासांत तळ थोडा मऊ होतोच. वाढताना प्रत्येक पेल्यावर, जेलीच्या कडेला, अर्धा चमचा कोरडा चुरा घातला की ती कुरकुर वरूनही मिळते.